गवऱ्या कोण आणणार?

बडनेरा माझं गाव, आणि मला हे गाव नेहमी एखाद्या बिल्ड-टाइम डिपेंडन्सीसारखं वाटत आलंय. मुंबई-नागपूर-हावडा मेन लाइन बडनेऱ्यावरून जाते. अमरावती तिथून फुटणाऱ्या नऊ-दहा किलोमीटरच्या फाट्याच्या टोकाला. किती पिढ्या अमरावतीला जायला म्हणून बडनेऱ्याला उतरल्या असतील! पण लग्नपत्रिकेत, बायोडेटावर, ओळख करून देताना नाव अमरावतीचंच. मीसुद्धा पुण्यात 'अमरावतीचा' म्हणूनच वावरतो, कारण बडनेरा म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे ते स्टेशन ना?"

पोचायला लागतं, पोचल्यावर कुणी नाव काढत नाही. बिल्ड-टाइम डिपेंडन्सीचं हेच दुखणं आहे, आणि आजचा लेख त्याच्यावर आहे. नाव ऐकून पळू नका. आयटीत नसाल तरी वाचा, कारण मी सुरुवात रोडग्यांपासून करणार आहे :)

वऱ्हाडात रोडगे कसे करतात हे बाकीच्या महाराष्ट्राला सांगावं लागतं. कणकेचे जाड गोळे करायचे, गवऱ्यांचा विस्तव पेटवायचा, आणि तो बसत आला की त्या निखाऱ्यात आणि राखेत गोळे भाजायचे. मग राख झटकून, फोडून, वर तूप आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी, वरण. बहिरमच्या यात्रेत किंवा शेतातल्या पंगतीत जो हा प्रकार खाऊन आला तो हॉटेलातल्या बाटीकडे बघत नाही.

आता शेतात पंगत ठरली की यादी होते. कणीक, तूप, वांगी, तिखट, मीठ, पत्रावळी. यातलं जवळपास सगळं पोटात जाणारं किंवा पानात दिसणारं. आणि प्रत्येक पंगतीत एक क्षण असा येतो की कुणीतरी विचारतो, "गवऱ्या कोन आनल्या बे?" आणि सगळे एकमेकांकडे बघतात. गवरी कुणी खात नाही, म्हणून ती यादीत येत नाही. पण तिच्याशिवाय बाकीच्या यादीला काही अर्थ नाही. घरी स्वयंपाक असेल तर चालून जातं, गवऱ्या परसात पडलेल्याच असतात. शेतात, गावापासून लांब, संध्याकाळी सात वाजता... तिथं खरा हिशोब कळतो.

सॉफ्टवेअरमध्ये तूप आणि वांगी म्हणजे रन-टाइम डिपेंडन्सी: प्रोग्रॅम चालताना लागणाऱ्या गोष्टी. गवऱ्या म्हणजे बिल्ड-टाइम डिपेंडन्सी: सोर्सपासून चालणारी वस्तू बनवताना लागणाऱ्या गोष्टी. कंपायलर, हेडर फायली, बिल्ड चालवणारी साधनं. आणि परसातल्या गवऱ्या म्हणजे इंटरनेट. आम्ही लोक इतके वर्षं परसात स्वयंपाक करतोय की गवऱ्या कुठून येतात हेच विसरून गेलोय.

तर झालं असं. गेल्या दिवाळीत घरी आलो होतो. लक्ष्मीपूजन होऊन चार दिवस झाले असतील, कॉलेजातल्या एका मित्राचा फोन आला. हा मित्र अमरावतीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि छोट्या-मोठ्या इन्स्टॉलेशनचं काम करतो. म्हणाला, "पुन्यावरून आला ना बे? मंग गाडी काढ अन् ये इकडे. जिनिंगवर फसलो मी."

बडनेऱ्याच्या आसपास जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आहेत, त्यातल्या एकाचा वजनकाटा. कापसाची आवक सुरू झालेली. ट्रॅक्टर, मेटाडोर, एक-दोन बैलगाड्यासुद्धा. काट्यावर भरलेली गाडी मोजतात, कापूस उतरला की रिकामी गाडी मोजतात, आणि दोन्हींतल्या फरकाची पावती छापून शेतकऱ्याच्या हातात देतात. ती पावती घेऊन तो हिशोबाच्या खिडकीवर जातो. वर्षभराची मेहनत त्या दोन बोटं रुंद कागदावर असते, हे काही अलंकारिक बोलणं नाही.

काट्याचा कॉम्प्युटर जुना, बत्तीस बिटचा, त्यावर डेबियन 12. त्याची हार्ड डिस्क ऐन हंगामात गेली. डेटाचा बॅकअप होता, म्हणून मालकाचा जीव भांड्यात. मित्रानं नवी डिस्क टाकली, डेबियन पुन्हा टाकलं, आणि काट्याचा प्रोग्रॅम टाकायला घेतला. हा प्रोग्रॅम पूर्वी कुणा तरी व्हेंडरनं पायथॉनमध्ये लिहून दिलेला. व्हेंडरनं धंदा गुंडाळलेला, फोन लागत नाही. मागे राहिला होता एक पेन ड्राइव्ह. त्यात एक इन्स्टॉल स्क्रिप्ट, आणि लागणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्यांच्या सोर्सचे गठ्ठे.

आणि या कॉम्प्युटरला नेट द्यायचं नाही हा मालकाचा नियम. दोन वर्षांपूर्वी हिशोबाच्या मशीनमध्ये फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस घुसला होता, तेव्हापासून काट्याचं मशीन एकटं. मोबाईलचं हॉटस्पॉटसुद्धा चालत नाही. नियम मला पटला. त्या मशीनला बाहेरच्या जगाशी बोलायची काहीच गरज नाही.

मित्रानं स्क्रिप्ट चालवली तर एरर आला: सेटअपटूल्स सापडत नाही. गंमत म्हणजे सेटअपटूल्स मशीनवर होतंच! त्यानं तीन वेळा तपासलं. आहे, पण पिप म्हणतो नाही.

हे कोडं पायथॉनवाल्यांपैकी ज्यांनी ऑफलाइन काम केलं नाही त्यांना सहसा पडत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पिपला एखाद्या पॅकेजचा सोर्स दिला, की तो थेट तुमच्या वातावरणात बिल्ड करत नाही. तो एक वेगळी, रिकामी खोली तयार करतो. पॅकेजच्या पायप्रोजेक्ट फाइलमध्ये बिल्डसाठी काय लागतं याची यादी असते, ती बघून त्या वस्तू त्या खोलीत आणतो, तिथं बिल्ड करतो, आणि खोली पाडून टाकतो. ही पद्धत 2016 च्या पेप 518 प्रस्तावात आली आणि 2018 च्या पिप 10 पासून रुळली. कल्पना चांगली आहे. तुमच्या घरातल्या पसाऱ्याचा बिल्डवर परिणाम होत नाही, आणि बिल्डचा पसारा घरात राहत नाही.

पण त्या रिकाम्या खोलीत वस्तू येतात कुठून? नेटवरून. नेट नसेल तर तुम्ही सांगितलेल्या फोल्डरमधून. आणि फोल्डरमध्ये नसतील तर तुमच्या घरात हजर असूनही त्या त्याला दिसत नाहीत, कारण खोलीचं दार बंद आहे. व्हेंडरनं बहुधा पिपच्या डाउनलोड कमांडनं फोल्डर भरला असावा. ती कमांड सोर्स गठ्ठ्याची माहिती काढण्यासाठी बिल्डची साधनं तात्पुरती उतरवते, वापरते, आणि फेकून देते. तुमच्या फोल्डरमध्ये जपून ठेवत नाही. त्यामुळे फोल्डर पूर्ण भरलेला दिसतो. कणीक आहे, तूप आहे, वांगी आहेत...

मित्र हुशार. त्यानं ही वेगळी खोली बंद करणारा पर्याय शोधला, डेबियनच्या आयएसओमधून कंपायलर टाकला, दोन-तीन गोष्टी हातानं पुरवल्या, आणि रात्री अकराला बिल्ड झालं. एकही एरर नाही. प्रोग्रॅम उघडला, काटा वजन दाखवायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या सुरू झाल्या.

दहा-बारा पावत्या गेल्यावर एक म्हातारे शेतकरी पावती घेऊन परत आले. मुनीमजींना म्हणाले, "हे माह्यं नाव नाई जी."

मुनीमजींनी बघितलं. वजन बरोबर, गाडी नंबर बरोबर. नाव... नाव होतं पण नव्हतं. गावाच्या जागी 'तिवसा' हवं तर 'तविसा' असं काहीतरी वाचता येत होतं. 'क्विंटल'मधलं जोडाक्षर सुटून क चा पाय मोडलेला, आणि वेलांटी जाऊन ट च्या डोक्यावर. तुमचं नाव किसन असेल तर ते 'कसिन' दिसेल. त्या आजोबांना वाचता फारसं येत नसावं, पण स्वतःचं नाव कसं दिसतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आधीच्या दहा-बारा जणांनी घडी घालून खिशात ठेवली असणार. आणि हिशोबाच्या खिडकीवरचा माणूस छापील पावतीवर पेनानं केलेली दुरुस्ती मान्य करत नाही. करूही नये. उद्या कुणी वजनात पेन चालवेल.

मी पोचलो तेव्हा मुनीमजी पावत्या बंद करून वहीत हातानं लिहीत होते आणि गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली होती.

हे वेलांटीचं प्रकरण काय आहे? देवनागरीत आपण 'ति' लिहिताना वेलांटी आधी काढतो, पण युनिकोडमध्ये आधी त साठवला जातो, मग वेलांटी. साठवलेला क्रम आणि दिसणारा क्रम वेगळा. ही अदलाबदल, जोडाक्षरं जुळवणं, रफार डोक्यावर चढवणं, हे सगळं शेपिंग इंजिन करतं. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात हे काम मुख्यतः हार्फबझ नावाची लायब्ररी करते. पावतीचं चित्र बनवायला हा प्रोग्रॅम पायथॉनची पिलो लायब्ररी वापरत होता. पिलो हे काम राक्म नावाच्या मधल्या लायब्ररीमार्फत हार्फबझकडून करून घेते. आता गंमत बघा. पिलो सोर्सपासून बिल्ड करताना राक्म ही ऐच्छिक गोष्ट आहे. बिल्डच्या वेळी त्यासाठी लागणाऱ्या हेडर फायली सापडल्या तर शेपिंग आत जातं. नाही सापडल्या तर पिलो कुरकुर न करता त्याच्याशिवाय तयार होते, आणि अक्षरं एकापुढे एक मांडत सुटते. इंग्रजीसाठी तेवढं पुरतं. मराठीसाठी 'तविसा'.

म्हणजे रन-टाइमला प्रोग्रॅम तोच, सोर्स तोच, फॉन्ट तोच. बिल्डच्या दहा मिनिटांत शेजारी कोणत्या फायली पडल्या होत्या एवढ्यावरून ठरलं, की मराठी माणसाचं नाव मराठीत छापलं जाईल की नाही. मला हे फार लागलं. एरर आला असता तर परवडलं असतं. एररला निदान तोंड असतं.

मित्राची यात काही चूक नव्हती. त्याच्या हातात जे दिलं होतं त्यात ही गरज कुठेही लिहिलेली नव्हती. व्हेंडरच्या स्वतःच्या मशीनवर हेडर असणारच, त्यामुळे त्याच्याकडे ते आपोआप जुळून आलं असेल. परसातल्या गवऱ्या.

"आता काय कराचं?" मित्र म्हणाला. "डेबियनचं तयार पिलो टाकून देऊ का?"

हा सल्ला एरवी मीही दिला असता. वितरणानं बांधून दिलेलं पॅकेज असेल तर ते वापरावं, बांधणीची काळजी दुसऱ्या कुणीतरी नीट घेतलेली असते. पण त्या प्रोग्रॅमला पिलोची एक नेमकी आवृत्ती लागत होती, डेबियनवाल्या आवृत्तीवर तो चालेना. आणि त्या नेमक्या आवृत्तीचं या बत्तीस बिटच्या मशीनवर चालेल असं तयार व्हील आम्हाला मिळालं नाही.

व्हील म्हणजे काय हे बिगर-आयटीवाल्यांना सांगायला मला समोरच उदाहरण मिळालं. शेतकरी आणतो तो कापूस, सरकीसकट. एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते आणि प्रेसमध्ये रुई दाबून 170 किलोची गाठ बांधतात. कोइमतूरच्या गिरणीला गाठ जाते. गिरणीला जिनिंग मशीन लागत नाही, ती थेट सूत काढायला घेते. सोर्स म्हणजे कापूस, बिल्ड म्हणजे जिनिंग, व्हील म्हणजे गाठ. तुमच्याकडे गाठ पाठवली तर तुमच्याकडे जिन नसला तरी चालतं. व्हेंडरनं गिरणीत कापूस पाठवला होता, आणि जिन पाठवायचा राहिला होता.

तर मग पहिला उपाय सरळ आहे: गाठी बांधून द्या. मी लॅपटॉपवर बत्तीस बिटचं डेबियन 12 असलेलं व्हर्च्युअल मशीन उभं केलं, घरच्या नेटवरून सगळी बिल्डची साधनं आणि हेडर त्यात टाकले, आणि पिलोला बिल्ड करताना ताकीद दिली की राक्म सक्तीचं आहे. अशी सोय पिलोत आहे, 'राक्म मिळालं नाही तर बिल्डच पाडा' असं सांगता येतं. ही एक ओळ त्या व्हेंडरच्या स्क्रिप्टमध्ये असती तर मित्राला रात्री अकरालाच एरर दिसला असता आणि सकाळची भानगड टळली असती. मग ऑडिटव्हील नावाच्या साधनानं चालताना लागणाऱ्या बाकीच्या लायब्रऱ्याही त्या व्हीलच्या पोटात भरल्या. पेन ड्राइव्हवर सगळं मिळून काही एमबी. काट्याच्या मशीनवर इन्स्टॉल व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत. दुपारी तीनच्या सुमारास 'तिवसा' तिवसा झालं. मुनीमजींनी सकाळच्या पावत्या शोधून शोधून बदलून दिल्या. ते आजोबा मात्र तिथंच बाजेवर बसून होते. पावती डोळ्याजवळ नेऊन बघितली, आणि "हाव, हे माह्यं" एवढंच म्हणाले.

खरं तर लेख इथं संपायला हवा. पण मला जे सांगायचंय ते यापुढे आहे.

मित्र म्हणाला, "झालं ना काम? दे तो पेन ड्राइव्ह मालकाले अन् चाल घरी." त्याचं बरोबर होतं. पण मला वाटलं, आज आपण तेच केलंय जे व्हेंडरनं केलं होतं, फक्त एक पायरी पुढचं. आज गाठ आहे, उद्या? पिलोत एखादं सुरक्षेचं भोक निघालं तर? हे मशीन मेलं आणि चौसष्ट बिटचं आलं तर? हे काल्पनिक नाही. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 ला बत्तीस बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. म्हणजे पुढचं मशीन वेगळंच असणार, आणि त्या दिवशी ही गाठ उपयोगाची नाही. पुन्हा कापसापासून सुरुवात. आणि तेव्हा मी कुठे असेन देव जाणे.

भोकाचं म्हणाल तर तेही काल्पनिक नाही. सप्टेंबर 2023 मध्ये लिबवेबपी या चित्रं वाचणाऱ्या लायब्ररीत गंभीर दोष सापडला. जिथं ती लायब्ररी वितरणानं एकाच जागी ठेवली होती तिथं एक अपडेट पुरलं. पण पिलोच्या तयार व्हीलच्या पोटात तिची स्वतंत्र प्रत होती, म्हणून पिलोला त्यासाठी 10.0.1 ही वेगळी आवृत्ती काढावी लागली. पोटात भरून देण्याची ही किंमत आहे. जे तुम्ही भरलंत त्याची जबाबदारी तुमची. मग ते पुन्हा बांधता आलंच पाहिजे.

म्हणून माझं मत आता असं झालंय: बिल्डच्या वस्तू पॅकेजबरोबर द्याव्यात, पण इन्स्टॉल करू नयेत. दोन्ही अर्धी वाक्यं सारखीच महत्त्वाची.

इन्स्टॉल का करू नयेत? काट्याच्या मशीनवर कंपायलर कशाला? जागा खातो, आणि कुणी घुसलाच तर त्याला आयतं हत्यार. जेवणाच्या पानात कुणी गवरी वाढत नाही. डॉकरवाले आता हेच करतात: एका टप्प्यात सगळा पसारा घेऊन बिल्ड, दुसऱ्या टप्प्यात फक्त तयार माल.

मग बरोबर का द्याव्यात? कारण नेटवर उद्या मिळतील याची खात्री नाही. मार्च 2016 मध्ये एनपीएमवरून लेफ्टपॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं काढून घेतलं आणि जगभरच्या जावास्क्रिप्ट प्रकल्पांचे बिल्ड कोसळले. अकरा ओळी! फेब्रुवारी 2021 मध्ये पायथॉनच्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीनं 3.4 आवृत्तीत बिल्डसाठी रस्ट लागेल असं केलं. ज्यांना तयार व्हील मिळत होतं त्यांना कळलंही नाही, ज्यांना मिळत नव्हतं त्यांचे बिल्ड त्याच दिवशी बंद. ऑक्टोबर 2023 च्या पायथॉन 3.12 पासून तर नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये सेटअपटूल्स आपोआप येणंही थांबलं. प्रत्येक बदलामागे चांगली कारणं होती. पण दर वेळी कुठल्यातरी शेतातल्या पंगतीत गवऱ्या संपल्या.

डेबियननं हा विचार फार आधी केलाय. तिथं प्रत्येक सोर्स पॅकेजला बिल्डसाठी काय लागतं ते वेगळ्या रकान्यात लिहावं लागतं, आणि बिल्ड चालू असताना नेटला हात लावायचा नाही असा नियम आहे. परसात जायचंच नाही, जे लागेल ते यादीत लिहा. हा नियम जावास्क्रिप्टच्या जगाशी भिडला तेव्हा जोरदार वाद झाला. साधनांतून काढलेली तयार फाइल हीच सोर्स मानायची का, की ती बनवणारी साधनंही डेबियनमध्ये हवीत? 2016 साली हा प्रश्न डेबियनच्या तांत्रिक समितीपुढे गेला, आणि नेणारा आपल्याकडचाच, केरळचा डेबियन डेव्हलपर प्रवीण अरिंब्रथोडियिल. त्यानं वाद घालून सोडून दिला नाही, ग्रंटसारखी बिल्डची साधनं डेबियनमध्ये आणण्यासाठी लोकवर्गणीही काढली. गवऱ्या थापायला वर्गणी! मला हा माणूस फार आवडतो.

आता कुणी म्हणेल, सगळंच बरोबर द्यायचं तर आत काय आहे ते कोण बघणार? रास्त शंका आहे. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनात चोरदार सापडलं, आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला, लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय एवढ्या संशयावरून. तो दुष्ट कोड चालू करणारी बिल्डची फाइल उघड्या रिपॉझिटरीत नव्हतीच, फक्त प्रकाशित गठ्ठ्यात होती. म्हणजे चोर शिरला तो बिल्डच्याच खिडकीतून, कारण तिकडे कुणी बघत नाही हे त्याला ठाऊक होतं. पण यावर उत्तर 'देऊ नका' असं नाही. गठ्ठा गोठलेला असेल, त्यातल्या प्रत्येक फाइलची खूण लिहिलेली असेल, तर निदान तपासता येतो. दर वेळी नेटवरून जे येईल ते घेणाऱ्याला तपासायला काहीच उरत नाही.

तर त्या संध्याकाळी मी आणि मित्रानं पेन ड्राइव्ह पुन्हा लावला. तीन फोल्डर. पहिला 'तयार': व्हील्स, एवढंच इन्स्टॉल होतं. दुसरा 'बांधणी': सगळ्यांचे सोर्स, पिपच्या त्या रिकाम्या खोलीला लागणारी साधनं, कंपायलरची आणि हेडरची डेबियन पॅकेजेस. हा फोल्डर पहिल्याच्या कितीतरी पट मोठा झाला, शेकडो एमबी. गवऱ्यांचं पोतं नेहमीच कणकेच्या डब्यापेक्षा मोठं असतं. तिसरा 'तपास': प्रत्येक फाइलची शा-256 खूण, आणि एक छोटी स्क्रिप्ट. ही स्क्रिप्ट पिलोला विचारते की राक्म आत आहे का, आणि मग 'क्विंटल' आणि 'तिवसा' हे दोन शब्द छापून दाखवते. शेवटचा निर्णय माणसाच्या डोळ्यांनी. त्या आजोबांच्या परीक्षेपेक्षा चांगली टेस्ट मला सुचली नाही.

मग खरी परीक्षा. नवं कोरं व्हर्च्युअल मशीन, लॅपटॉपचं वायफाय बंद, आणि दोन्ही फोल्डरांतून वेगवेगळं इन्स्टॉल. 'तयार' पहिल्या फटक्यात चाललं. 'बांधणी' तिसऱ्या फटक्यात, कारण एका साधनाला बिल्ड करायला दुसरंच एक साधन लागत होतं आणि ते यादीत नव्हतं. असं खाली खाली जात राहतं. गवऱ्या पेटवायला काड्यापेटी, काड्यापेटी कोरडी ठेवायला पिशवी. कुठेतरी रेघ ओढावी लागते. आम्ही रेघ ओढली ती डेबियनच्या इन्स्टॉलेशन आयएसओपाशी. तेवढं पुढच्या माणसाकडे असेल असं धरलं, आणि तसं कागदावर लिहून ठेवलं. हा लिहिलेला भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गृहीत धरायला हरकत नाही, मनातल्या मनात धरू नये.

तो कागद मराठीत आहे, दीड पानाचा, मुनीमजींच्या गल्ल्यात लॅमिनेट करून ठेवलाय. मित्राला आता मी लागत नाही. मित्र नसेल तर अमरावती-बडनेऱ्यातल्या कुठल्याही इंजिनियरिंग कॉलेजचा तिसऱ्या वर्षाचा पोरगा तो वाचून हे काम करू शकेल. आपल्या इंडस्ट्रीत 'माझ्याशिवाय चालत नाही' याचं फार कौतुक आहे. मला ती धास्तीची गोष्ट वाटते. त्या काट्यावर जे लोक रांगेत उभे असतात त्यांना मी कुठे नोकरी करतो याच्याशी काय घेणंदेणं?

तुम्ही काही पॅकेज करून कुणाला देत असाल, तर एकदा एवढंच करा. नेटची वायर काढा, कोरं मशीन घ्या, आणि स्वतःच्या गठ्ठ्यातून इन्स्टॉल करून बघा. जे अडेल ते यादीत लिहा. आणि ऐच्छिक म्हणून जे लिहिलेलं असतं ते तुमच्या वाचकासाठी खरंच ऐच्छिक आहे का, हे आपल्या भाषेतला एक शब्द छापून तपासा. लायब्ररी लिहिणाऱ्याला वेलांटीचं दुःख माहीत नसतं, तो त्याचा दोष नाही. ते आपल्याला माहीत आहे, म्हणून ते सक्तीचं करणं आपलं काम.

असो. बराच लांबला लेख. उद्या रविवार, आणि मित्राच्या शेतात रोडग्यांची पंगत ठरली आहे. यादी मी केली आहे. पहिल्या ओळीवर काय लिहिलंय ते तुम्हाला सांगायला नको :)